बोरफळ्याच्या सहा म्हशी

ज्या गोष्टीची नोंद नाही ती गोष्ट नाही, या भक्कम पायावर आपला सगळा कारभार उभा आहे. हा पाया ज्यांना मान्य नाही, त्यांचीही कुठे नोंद नाही.

श्रीगोंदा तालुक्यातल्या बोरफळे गावानं हे तत्त्व व्यसनाला लावून पाहिलं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव क्रमांक सात (सहावा स्मशानभूमीच्या पत्र्यांचा, आठवा मोकाट कुत्र्यांचा) आवाजी मतानं मंजूर झाला आणि सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी गाव व्यसनमुक्त झालं. अकरा एकोणचाळीसपर्यंत गावात व्यसनी किती होते, याची मोजणी झालेली नव्हती. अकरा चाळीसनंतर ती करण्याचं कारण उरलं नाही. ठरावाचे सूचक त्या वेळी चुना मळत होते. अनुमोदकांनी हात वर केला तो अनुमोदनासाठी की थुंकायला जायची परवानगी मागण्यासाठी, याबद्दल गावात दोन मतं आहेत. इतिवृत्तात एकच आहे. ठरावाला एक खुलासाही जोडलेला आहे: तंबाखू, मिश्री, विडी आणि लग्नातली दारू ही व्यसनं नसून अनुक्रमे सवय, दंतमंजन, विरंगुळा आणि मानपान आहेत.

ठराव झाला की समिती होते. समितीचे अध्यक्ष आबासाहेब दरेकर. आबासाहेब साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं जीपमधून न उतरता उभ्या उसाचा अंदाज सांगण्यात त्यांची हयात गेली. अंदाज चुकला तर ऊस चुकला असं समजायची पद्धत होती. जिल्ह्यात व्यसनमुक्त गावांची स्पर्धा जाहीर झाली, पहिल्या नंबरला ढाल आणि वेशीवर कमान मिळणार असं कळलं, तेव्हा आबासाहेबांनी त्याच सरावलेल्या नजरेनं गावाकडे पाहिलं आणि अंदाज सांगितला: शून्य.

या शून्यात एकच खडा होता, आणि तो फाट्यावर होता.

फाट्यावरचं श्री तुकाई मेडिकल अँड जनरल स्टोअर्स सत्यशीला घोगरे यांचं. ताईंनी नगरला डी. फार्म. केलं (जिल्ह्याचं नाव आता बदललं आहे, एस.टी.ची पाटीही बदलली आहे, कंडक्टरचं तोंड तेवढं बदलायचं राहिलं आहे), लग्न होऊन बोरफळ्यात आल्या आणि बावीस वर्षं त्या काउंटरमागे उभ्या आहेत. कायद्यानं औषधविक्रेत्याचं काम चिठ्ठी पाहून औषध देणं एवढंच. पण बोरफळ्यात चिठ्ठी आणणारा आजारी असतोच असं नाही आणि आजारी माणूस चिठ्ठी आणतो असं तर सहसा होत नाही. एका सोमवारी सकाळच्या दोन तासांत ताईंनी उरकलेली कामं अशी: एका आजीच्या कानातला किडा पाहणे (मेलेला होता, आजींना पटलं नाही), जावई येणार म्हणून सासऱ्यांना आगाऊ गॅसची गोळी, मुलाच्या दहावीसाठी 'डोकं शांत ठेवायचं काहीतरी' (मुलगा शांतच होता, बापासाठी), एका लग्नाच्या बोलणीत मुलाला साखर आहे का याची दोन्हीकडून गुपचूप झालेली चौकशी, आणि नव्या सिरिंज, नग दोन.

खडा तो हाच. सिरिंज.

सिरिंज नेणारे गावात सहा जण होते. त्यांतला एक भीमाबाई भोस यांचा कल्याण. वय चौतीस. उसाच्या दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला जोडून भर वस्तीतून अशा काढायचा की दारातली रांगोळी मोडायची नाही. तीन सीझनमागं तो भरल्या ट्रॉलीवरून पडला. कंबर धरली. सीझन ऐन भरात, थांबायची सोय नाही. एका ढाब्यावर कुणीतरी त्याला दुखणं थांबायचं इंजेक्शन टोचलं. कंबर महिन्याभरात बरी झाली, इंजेक्शन मात्र जाईना. ते कुठं मिळतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यामुळे कुणालाच सांगता येत नव्हतं. ताईंच्या दुकानात ते मिळत नव्हतं, एवढं मात्र लोक आवर्जून सांगायचे, तक्रारीच्या सुरात.

सुरुवातीला हे सहा जण एकच सुई आठवडाभर फिरवायचे, पंगतीत पाण्याचा तांब्या फिरतो तशी. मग त्यांच्यातल्या सहादेवचा उजवा हात सुजला, पिकला आणि शेवटी कोपराखाली राहिला नाही. त्या दिवसापासून ताईंनी आपल्यापुरता एक कायदा केला. मागेल त्याला नवी सुई, तोंडाकडे न बघता. जुनी सुई परत आणायची आणि काउंटरखालच्या फिनेलच्या जाड कॅनमध्ये टाकायची. एकट्यानं घ्यायचं नाही. आणि सोडावंसं वाटलं तर त्याच दिवशी यायचं, दुकान बंद असलं तर मागच्या दारानं. शिवाय फ्रीजशेजारच्या खणात, चिठ्ठी चिकटवलेल्या एका डबीत, दोन छोट्या काचेच्या बाटल्या होत्या. जास्त डोसानं थांबत आलेला श्वास परत आणणारं हे औषध. नगरच्या एका डॉक्टरांनी ते लिहून दिलं होतं आणि द्यायचं कसं हेही शिकवलं होतं. मागवताना एजन्सीवाल्यानं विचारलं होतं, "ताई, हॉस्पिटल काढताय का?"

"न्हाई," ताई म्हणाल्या, "गाव व्यसनमुक्त झालंय. तयारी नको?"

कल्याणचं आणि ताईंचं बोलणं साधारण एकाच वळणाचं असे.

"ताई, समदे शिव्या देत्यात. तुमी का देत न्हाई?"

"माल संपलाय. गावात जा, तिथं घाऊक मिळत्यात."

"सोडायचं हाय मला."

"मग चल की. सिव्हिलला रोज गोळी देत्यात, तलप मारती. पयल्या दिवशी मी येते संगट."

"सीझन संपला की."

(या जिल्ह्यातली सगळी व्यसनं सीझन संपला की सुटतात. फक्त सीझन कोणता, हे सांगायचं राहून जातं.)

असं चाललं असताना स्पर्धेचा अर्ज आला. अर्ज चौदा पानी होता. आठव्या पानावर रकाना एकोणीस: 'गावातील औषध दुकानातून झालेली सिरिंज विक्री व तिचे कारण.' आबासाहेब ग्रामसेवक गहिनीनाथला सोबत घेऊन फाट्यावर आले. गहिनीनाथकडे चार गावांचा पदभार आणि एक मोटारसायकल असल्यामुळे तो कुठल्याही प्रश्नाचं उत्तर उतरण्याआधीच देऊन टाकत असे.

"सूनबाई," आबासाहेब म्हणाले, "सुया कुनाला देती?"

"ज्याला टोचायच्यात त्याला."

"गावात व्यसनी न्हाई."

"मग टोचून कोन घेतंय आबा?"

"आगं तेच तर इचारतोय!"

"मीबी तेच सांगतीय. ह्यांना सिव्हिलला पाठवा. समितीनं एक गाडी करा, मी नावं घेऊन बसते. सहाच हायेत. साताठ म्हैन्यांत मानसात येतील."

आबासाहेबांनी ताईंकडे कौतुकानं पाहिलं, जसं आपण वर्गात चुकीचं पण मोठ्यानं उत्तर देणाऱ्या मुलाकडे पाहतो. "आनि गाडी कशाची म्हनून लिवायची? व्यसनी न्हाईत त्या गावचे व्यसनी घिऊन गाडी गेली म्हनून? मग सुयाच बंद कर. सुई न्हाई तर रकाना न्हाई."

"सुया बंद केल्या तर एकीवर सहा जन येतील. सहादेवचा हात बघितला न्हवं?"

सहादेवचा हात ही गावात बोलायची गोष्ट नव्हती. अधिकृतरीत्या तो कडबा कुट्टीत गेला होता.

तेवढ्यात गहिनीनाथ मोटारसायकलवरूनच म्हणाला, "आबा, सुई जनावरालाबी लागती की."

मोठे शोध असेच लागतात. आबासाहेबांनी गहिनीनाथची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी 'पशुधन सुई वापर नोंदवही' अस्तित्वात आली. सहा माणसांच्या नावावर सहा म्हशी चढल्या. कल्याणची नोंद अशी होती: 'मालक: कल्याण पोपट भोस. जनावर: म्हैस. रंग: काळा. शिंगे: आखूड. स्वभाव: गरीब. दुखणे: कंबर. दैनंदिन सुया: एक.' कल्याणच्या घरी आजवर म्हैस नव्हती. दोन शेळ्या होत्या, पण शेळ्या एवढ्या सुयांना पुरल्या नसत्या, असा विचार समितीनं केला होता.

खाली सही मात्र विक्रेत्याची लागणार होती. सत्यशीलाताईंनी वही दोन दिवस काउंटरवर तशीच ठेवली. नाव ठेवताना त्यांच्या आईवडिलांनी हा प्रसंग धरलेला नव्हता. सही केली तर खोटेपणा, नाही केली तर सुया बंद. तिसऱ्या दिवशी सहादेव उजव्या हाताची बाही खोचून डाव्या हातानं सुटे पैसे चाचपत काउंटरपाशी आला. ताईंनी वही ओढली आणि सही ठोकली.

कल्याणला हे कळलं तेव्हा तो पाच मिनिटं हसला. मग म्हणाला, "बरं झालं ताई. म्हशीला निदान ढेप तरी मिळती."

रकाना एकोणीस भरला. बोरफळे अंतिम फेरीत गेलं.

पण नोंदीचा एक दुर्गुण आहे: ती वाचणारा कुणीतरी कुठेतरी असतोच. नोंदवहीची प्रत रीतसर पशुसंवर्धन खात्याकडे गेली आणि तिथं नव्यानंच रुजू झालेल्या डॉ. पंकजा लांडगे यांच्या टेबलावर पडली. नव्या असल्यामुळे त्यांनी ती वाचली. एका गावात सहा म्हशी, सहाच्या सहांची कंबर दुखते, रोज एक सुई, आणि दोन महिन्यांत डेअरीला दुधाचा थेंब नाही. डॉक्टरांना हा एखादा नवा साथरोग वाटला. त्यांनी कळवलं, 'फेब्रुवारीच्या बारा तारखेस फिरत्या पथकाच्या वाहनासह प्रत्यक्ष तपासणीस येत आहोत. सहाही जनावरे एका ठिकाणी बांधून ठेवावीत.'

हे पत्र गहिनीनाथच्या डिकीत दुसऱ्या गावच्या पाणीपट्टीखाली राहिलं. त्यामुळे बारा तारखेलाच स्पर्धेची परीक्षण समितीही येणार आहे, हा योगायोग कुणाच्या लक्षात आला नाही.

परीक्षणासाठी गाव सजलं. झाडांना चुना आणि गेरू लागला, शाळेच्या भिंतीवर व्यसनाचा राक्षस रंगवला (मॉडेल म्हणून पेंटरनं गावातल्याच एकाचा चेहरा घेतल्याची कुजबुज आहे), आणि आठ दिवस आधी कल्याणसह त्या सहा जणांना सोसायटीच्या गोदामात ठेवून बाहेरून कडी लावण्यात आली. याला निवासी संस्कार शिबीर म्हणत. दिनक्रम पुढीलप्रमाणे: पहाटे कारल्याचा रस, सकाळी भजन, दुपारी आबासाहेबांचं भाषण, संध्याकाळी सकाळचंच भजन. शिबिरार्थी पहिले चार दिवस ओकत होते, घामानं भिजत होते, पाय झाडत होते. समितीच्या अहवालात याला 'शुद्धी' म्हटलं आहे.

तिसऱ्या दिवशी ताई मीठ-साखरेची पाकिटं घेऊन गोदामाच्या दारात उभ्या राहिल्या.

"आबा, हे शिबीर न्हाई, कोंडवाडा हाय. दवाखान्यात न्या ह्यांना."

"आठ दिसात खडखडीत व्हत्यात का न्हाई बघ."

"त्येच तर भ्या वाटतंय मला. आठ दिसात अंगाची सवय मोडती, मनाची न्हाई. भायेर आला की त्यो आधीचंच माप घेईल, आनि त्या मापानं आता मरंल. सोडायच्या आधी मला सांगा, आबा. हात जोडते. मी दारात हुबी राहाते."

आबासाहेबांनी गहिनीनाथकडे बघून मान हलवली, आणि गहिनीनाथनं लिहून घेतलं. पुढे ते इतिवृत्तात आलं: 'मेडिकलचालक यांनी शिबिरास भेट देऊन शुभेच्छा व्यक्त केल्या.'

बारा तारखेला सकाळी नऊ वाजता शिबिराचा समारोप झाला. त्याचं कारण वैद्यकीय नव्हतं. परीक्षकांसाठी शिपी आमटीचा बेत होता आणि हंडे ठेवायला सावलीची जागा गोदामाखेरीज नव्हती. सहा जणांना बाहेर काढून सांगण्यात आलं की संध्याकाळपर्यंत कुठंही दिसायचं नाही. ताईंना सांगायला कुणी गेलं नाही. ताई सापडल्याही नसत्या. समितीच्या आदेशानं दुकानं बंद होती, आणि ताईंना औक्षणाच्या ताटासह वेशीत उभं केलं होतं. (सुशिक्षित महिला, गुण पाच.)

साडेदहाला परीक्षकांची गाडी आली. मुख्य परीक्षक उतरले, टोपी सारखी केली, औक्षणासाठी मान किंचित झुकवली. ताईंनी कुंकवात बोट बुडवलं आणि तेवढ्यात भीमाबाई पदर सावरायचं भान नसलेली धावत आली.

"शीले! शीले गं! वजनकाट्यामागं पडलाय माजा कल्याण! व्हट निळं पडल्यात, घुरघुर लागलीया!"

"कोंडवाड्यातनं सोडला?"

"नव्वाला सोडला. तुज्याकडंच निगालो म्हनला हुता. तुजं दुकान बंद!"

ताईंनी ताट आबासाहेबांच्या हातात दिलं आणि पळाल्या. परीक्षकांची मान झुकलेलीच होती. आबासाहेब प्रसंगावधानी माणूस; त्यांनी स्वतःच ओवाळलं. अध्यक्षानं परीक्षकाला कुंकू लावण्याची ही जिल्ह्यातली पहिलीच वेळ असावी, आणि स्त्री-पुरुष समानतेचे दोन गुण गावाला तिथंच मिळाले.

इकडे ताईंनी मागच्या दारानं दुकानात शिरून डबी काढली. उसाच्या ट्रॉल्यांचा वजनकाटा दुकानापासून दोनशे पावलांवर. कल्याण रिकाम्या ट्रॉलीच्या सावलीत आडवा, मोजून मिनिटाला तीनचार श्वास, तेही कुणीतरी मागितल्यासारखे. शेजारी सुई होती. शिबिराआधी नेलेली, पण नवीच होती, तेवढं त्यानं पाळलं होतं. ताईंनी मान मागं करून तोंडानं दोन श्वास भरले, बाटली फोडली, दंडात टोचलं, पुन्हा श्वास भरला. भीमाबाई त्याचे पाय धरून बसली होती, जशी काही तो उठून कुठं जाणारच होता. ताई मोजत होत्या. एक मिनिट. दीड. सव्वादोन मिनिटांनी कल्याणनं स्वतःहून एक लांबलचक श्वास घेतला, भरल्या ट्रॉल्या चढाला लागल्यावर ट्रॅक्टर घेतो तसा.

"ह्याचा जोर तासाभरात उतरंल," ताई म्हणाल्या. "परत श्वास बसंल. दवाखाना गाठायला पायजे. फोन केलाय, पन गाडी काष्टीवरनं निघतीय."

आणि बरोबर याच वेळी फाट्यावरून वळून एक पांढरी गाडी वजनकाट्यापाशी थांबली. गाडीवर गाय, म्हैस आणि कोंबडी हसताना काढलेली होती. डॉ. पंकजा गमबूट घालूनच उतरल्या.

"बोरफळे हेच ना? त्या सहा म्हशी कुठं बांधल्यात?"

सत्यशीलाताईंनी मान वर केली. डोक्याचा पदर पडलेला, कपाळावर घाम, बोटाला अजून कुंकू.

"त्यातली एक ही," त्या म्हणाल्या. "उचला."

डॉक्टरांनी एकदा कल्याणकडे पाहिलं, एकदा हातातल्या नोंदवहीच्या प्रतीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांचं न निघालेलं दूध निघाल्यासारखं समाधान पसरलं. मग मात्र त्यांनी वेळ घालवला नाही. "मागचं फाळकं पाडा," असं ड्रायव्हरला ओरडून त्या कल्याणच्या खांद्याला गेल्या.

एवढ्यात आबासाहेब परीक्षकांना शाळेकडे वळवून धापा टाकत आले. "काय न्हाई, काय न्हाई! ऊन लागलंय त्याला."

"आबा," ताई कल्याणचा दंड धरून गाडीत चढत म्हणाल्या, "ऊन लागलं म्हनून सांगितलं तर दवाखान्यात लिंबू सरबत देतील. कशानं झालंय ते मीच सांगनार तिथं. नाव, गाव, समदं."

"गावाचं नाव नको! सूनबाई, आज नको! उद्या सांग!"

"आबासाब," भीमाबाई पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळली. आजवर ती त्यांच्यासमोर पदराआडूनच बोलत आलेली. "उद्या म्हनायला त्यो रायला पायजे का नको?"

भीमाबाईलाही घेऊन गाडी निघाली. शाळेकडे वळलेल्या मुख्य परीक्षकांना फाळक्यातून बाहेर आलेला एक पाय दिसला, चपलेसह. त्यांनी चौकशी केली. "म्हैस," गहिनीनाथ म्हणाला. तो त्या वेळीही मोटारसायकलवरच होता. परीक्षकांनी चपलेकडे पुन्हा पाहिलं, पुढ्यातल्या अर्जाकडे पाहिलं. अर्जात चपलेसाठी रकाना नव्हता. त्यांनी 'पशुवैद्यकीय सेवा: अत्यंत तत्पर' असं लिहिलं आणि आमटी कधी आहे ते विचारलं.

दुसरी बाटली ताईंनी विसापूरच्या पुढं रस्त्यातच टोचली. दवाखान्यात उतरवलं तेव्हा कल्याण शुद्धीवर होता आणि आपल्याला पेंढ्यावर का निजवलं आहे, हे विचारत होता. डॉ. पंकजांचा अहवाल खात्यात आजही पाहायला मिळतो: 'तपासलेली जनावरे: एक. लक्षणे: श्वास मंद, ओठ निळे. उपचारानंतर उठून बसले व आईकडे पाणी मागितले. उर्वरित पाच जनावरांना याच दवाखान्यात दाखवावे, अशी शिफारस.' हा अहवाल वरिष्ठांनी वाचला असता तर डॉक्टर अडचणीत आल्या असत्या. तेव्हा काळजीचं कारण नाही.

बोरफळ्याला पहिला नंबर मिळाला. वेशीवर कमान झाली. ताईंना समितीची नोटीस आली: औक्षण अर्धवट सोडल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा. ताईंनी ती बाटल्यांच्या रिकाम्या डबीत घडी करून ठेवली आणि एजन्सीला दोन बाटल्यांची नवी ऑर्डर दिली. मग चार रविवार ताई उरलेल्या पाच जणांच्या घरी गेल्या. तिघं दवाखान्यात जाऊ लागले. दोघं अजून सुया नेतात, जुन्या परत आणतात आणि सीझन संपला की येणार आहेत. नोंदवहीत आता दोनच म्हशी उरल्या आहेत. गावाच्या पशुधनात एवढी घट का झाली, असं पंचायत समितीनं लेखी विचारलं आहे.

आणि कल्याण? कल्याणला सहा महिने होत आले. रोज सकाळी साडेआठला तो गोळी घेतो. पहिले तीन महिने रोज दवाखान्यात जाऊन घेतली, आता आठवड्याच्या मिळतात. त्या भीमाबाईच्या ट्रंकेत असतात, आणि ती त्याला जिभेखालची गोळी विरघळेस्तोवर समोर बसवून ठेवते. वजन नऊ किलोनं वाढलं आहे. कंबर अधूनमधून दुखते. त्याला ताई गरम पाण्याची पिशवी देतात आणि तो 'एवढंच का?' असं तोंड करून ती घेतो. त्याला आता एकाच गोष्टीची गरज आहे, आणि ती कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही. काम. दिवसभर रिकामा बसलेला माणूस कुठल्या ढाब्याकडे चालत जातो हे ताईंना माहीत आहे, भीमाबाईला माहीत आहे, आणि सगळ्यांत जास्त कल्याणला माहीत आहे. ट्रॅक्टरमालक म्हणाले, पुढच्या सीझनला बघू.

म्हणून ताईंनी दुकानाच्या काचेवर कागद लावला: 'ड्रायव्हर मिळेल. चौदा वर्षांचा अनुभव. अपघात: शून्य.' महिन्याभरात अकरा जणांनी चौकशी केली. अकराही जणांनी कल्याणच्या ट्रॉल्या वळवण्याच्या हाताचं तोंडभरून कौतुक केलं. ताईंनी प्रत्येकाला सगळं खरं सांगितलं, गोळीसकट. यावर अकराही जण म्हणाले की अशा पोरांना समाजानं संधी दिलीच पाहिजे, आणि घरात विचारून सांगतो.

पण ही झाली बोरफळ्याची माणसं. इथवर वाचत आलेले तुम्ही त्यांच्यातले नाही. तुम्ही गोदामाच्या कडीपाशी हळहळलात, आबासाहेबांना मनात चार शब्द ऐकवलेत, आणि कल्याणनं श्वास घेतला तेव्हा तुमचाही सुटला. तेव्हा आडपडदा न ठेवता सांगायला हरकत नाही. कल्याण मोकळा आहे. नगर, श्रीगोंदा, पुणे, कुठंही यायला तयार आहे. तुमच्या मुलीला शाळेत सोडायला आणि आणायला एक भरवशाचा माणूस तुम्ही दिवाळीपासून शोधताय, असं कळलं. तो सोमवारी सकाळी नऊला तुमच्या दारात उभा राहू शकतो. किल्ली फक्त त्याच्या हातात द्यायची आहे.

घाई नाही. घरात विचारून सांगा.